तळ्यांचे रायपूर : शहरातील आणि परिसरातील प्रेक्षणीय स्थळे

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीला समुद्रकिनारा नाही आणि मोठी नदीही शहराच्या मध्यातून वाहत नाही. तरीही येथील पत्ता आजही पाण्याच्या खुणेवरून सांगितला जातो. बूढापारा, तेलीबांधा, राजातालाब, कटोरातालाब, महाराजबंध ही वस्त्यांची नावे मुळात तळ्यांची आहेत. ‘तालाबों का शहर’ हे रायपूरचे जुने बिरुद असून शहर पाहण्याची सर्वांत सोपी वाटही या तळ्यांच्या काठानेच जाते. त्यांतील काही तळी आता केवळ नावापुरती उरली आहेत, याची जाणीव मात्र पर्यटकाने ठेवावी.

विदर्भातील वाचकाला ही रचना अपरिचित वाटणार नाही. भंडारा-गोंदियाकडील माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच ‘मामा तलाव’, ज्या जलव्यवस्थेतून निर्माण झाले, तिचाच पूर्वेकडील विस्तार म्हणजे छत्तीसगडचे मैदान. उताराला आडवा मातीचा बांध घालायचा, पावसाचे पाणी अडवायचे, भाताला आणि गावाला पुरवायचे, ही त्यामागील साधी पद्धत. छत्तीसगढी बोलीत तळ्याला ‘तरिया’ आणि बांधाला ‘पार’ म्हणतात, तर पायऱ्यांच्या घाटाला ‘पचरी’ असे नाव आहे. एखाद्या गावाचे वैभव सांगताना ‘छै आगर छै कोरी’ तळी असल्याचे सांगण्याची रीत आहे. सहा विसा आणि वर सहा, अर्थात एकशे सव्वीस. नवे तळे खोदल्यावर त्याचा विवाह लावून पाण्याच्या मध्यभागी लाकडी स्तंभ रोवण्याची प्रथाही या प्रदेशात होती. जुन्या तळ्यांत असे स्तंभ आजही दृष्टीस पडतात.

रायपूरच्या तळ्यांचा सर्वांत उपयुक्त जुना वृत्तान्त १८७० च्या मध्य प्रांत गॅझेटियरमध्ये आढळतो. राजा भुवनेश्वर सिंह याने १४६० मध्ये किल्ला बांधला आणि त्याच सुमारास दक्षिणेस बूढा तालाब निर्माण झाला. मूळचे हे तळे जवळपास एक चौरस मैल पसरलेले होते, असे त्यात म्हटले आहे. ते लहान करण्यात आल्याची नोंदही तेथेच आहे. म्हणजे तळे आक्रसण्याची प्रक्रिया अलीकडची नव्हे. दीडशे वर्षांपूर्वीच ती ‘सुधारणा’ या सदरात जमा झाली होती. किल्ला आज उरलेला नाही.

बूढा तालाबाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. पाण्याच्या मध्यभागी बेटावर उद्यान असून तेथे स्वामी विवेकानंदांची बसलेल्या मुद्रेतील ३७ फूट उंचीची प्रतिमा आहे. या नावामागे इतिहास आहे. नरेंद्रनाथ दत्त १८७७ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, कुटुंबासमवेत कलकत्त्याहून रायपूरला आले आणि सुमारे दोन वर्षे येथे राहिले. त्या काळी रेल्वे या भागात पोहोचलेली नव्हती. नागपूरपासूनचा जंगलातील प्रवास त्यांना बैलगाडीने करावा लागला. त्यांचे वास्तव्य ज्या वास्तूत होते असे मानले जाते, ते ‘डे भवन’ तळ्यालगतच्या बूढापाऱ्यातच आहे. शहराच्या विमानतळालाही २०१२ पासून विवेकानंदांचेच नाव आहे.

याच काठावरील सप्रे शाळा मराठी वाचकासाठी विशेष जिव्हाळ्याची ठरावी. माधवराव सप्रे (१८७१-१९२६) यांची मातृभाषा मराठी. कीर्ती मात्र हिंदी पत्रकारितेच्या आद्य शिल्पकारांपैकी एक म्हणून. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून निघालेल्या ‘छत्तीसगढ मित्र’ या मासिकाचे ते संपादक होते. रामराव चिंचोलकर हे सहसंपादक आणि रायपूरचे वामन बळीराम लाखे प्रकाशक. छत्तीसगडमधील पहिल्या नियतकालिकाच्या मागे उभे असलेले हे तिघेही मराठी भाषक होते. समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेण्याचे श्रेयही सप्रे यांचेच. बूढापारा आणि तात्यापारा या जुन्या वस्त्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली असून चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ हे येथील मराठी समाजाचे प्रमुख केंद्र आहे.

तळ्याच्या दक्षिणेकडील पुरानी बस्ती पायी फिरावी. महामाया मंदिर आणि दूधाधारी मठ ही तेथील प्रमुख स्थळे. केवळ दुधावर राहणारे महंत बलभद्रदास यांच्यावरून मठाला हे नाव मिळाले. मठातील भिंतींवर रामकथेची जुनी चित्रे आहेत आणि राममंदिराच्या कोरीव कामात मराठा काळाची छाप दिसते. नागपूरकर रघुजी भोसले यांचे पुत्र बिंबाजी यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूर येथून छत्तीसगडचा कारभार पाहिला. महाराजबंध तळ्याजवळील रामचंद्र मंदिर त्यांनी १७७५ मध्ये बांधले आणि ते तळे मराठा अमलातील एका महसूल मक्तेदाराने तयार केले, असे गॅझेटियर सांगते. रायपूरला मुख्यालयाचा मान त्यानंतर, १८१८ मध्ये, इंग्रज अधीक्षकाने रतनपूरहून कचेरी येथे हलविल्यावर मिळाला.

एकच तळे पाहण्याइतका वेळ असेल, तर कंकाली तालाब निवडावे. दाट वस्तीच्या मध्यभागी, चारही बाजूंनी दगडी पायऱ्यांनी बांधलेले हे तळे महंत कृपालगिरी यांनी बांधविले. मध्यभागी महादेवाचे छोटे मंदिर असून पाणी वाढले की ते बुडते. जवळचा कंकाली मठ वर्षातून एकदाच, विजयादशमीला, दर्शनासाठी उघडतो. येथे कारंजी नाहीत, दिव्यांचे खेळ नाहीत; मात्र नगरातील तळे म्हणजे काय, हे येथील पायऱ्यांवर बसल्यावर जितके कळते तितके अन्यत्र कळत नाही.

याउलट तेलीबांधा हे आजच्या रायपूरचे आवडते तळे. मुंबई-कोलकाता महामार्गालगतच्या या काठाला शहरवासीयांनी ‘मरीन ड्राइव्ह’ हे नाव देऊन टाकले आहे. फिरण्याचा रुंद मार्ग, खाद्यपदार्थांची दुकाने, उंच ध्वजस्तंभ आणि रात्री उशिरापर्यंतची वर्दळ यांमुळे सायंकाळ सुखाची जाते. तथापि अशा सुशोभीकरणाचा एक हिशेब असतो. काठ रुंद करताना जागा बहुधा पाण्यातूनच घेतली जाते, आणि सिमेंटच्या कड्यामुळे आसपासचे पावसाचे पाणी तळ्यात येण्याच्या वाटा बंद होतात. गटारांच्या मात्र खुल्या राहतात. राजबंधा तळ्याचे तर मैदानच झाले. तेथे आता वृत्तपत्रांची कार्यालये आणि बाजारपेठ आहे. ‘राजबंधा मैदान’ या नावातील ‘बंधा’ हीच तेवढी खूण. पाहुण्याला जे आकर्षण वाटते, ते टिकविण्यासाठी आधी पाण्याला जागा हवी, हा वाद रायपुरात अद्याप मिटलेला नाही.

घडी चौकाजवळचे महंत घासीदास स्मारक संग्रहालय या विषयाला एका वेगळ्या बाजूने येऊन भिडते. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ मध्ये ते स्थापन केले. देशातील जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. मूळची अष्टकोनी इमारत आजही उभी आहे. सध्याच्या इमारतीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १९५३ मध्ये झाले. सिरपूरच्या बौद्ध कांस्यमूर्ती हे येथील भूषण असले, तरी किरारीचा काष्ठस्तंभ चुकवू नये. १९२१ च्या उन्हाळ्यात किरारी गावातील हिराबंध तळ्याचे पाणी आटले, तेव्हा गाळात हा स्तंभ सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीत नगररक्षक, सेनापती, गणक, भांडागारिक, हत्ती-घोड्यांचे आणि पाकशाळेचे अधिकारी अशी पदनामे कोरलेली होती; लेख सुमारे दुसऱ्या शतकातील मानला जातो. शतकानुशतके पाण्याखाली सुरक्षित राहिलेले लाकूड उन्हात ठेवताच वाळून तडकले आणि अक्षरे ढलप्यांसह गळून पडली. एका स्थानिक पंडिताने वेळीच उतरवून घेतलेल्या नकलेमुळेच लेखाचा बराचसा भाग आज वाचता येतो. संग्रहालयाच्या आवारातील ‘गढ कलेवा’ या उपाहारगृहात चीला, फरा, चौसेला असे तांदळाचे स्थानिक पदार्थ महिला बचत गट पुरवितो.

शहराची नदी खारून. ती शिवनाथला आणि शिवनाथ महानदीला मिळते. रायपूरचे पिण्याचे पाणी मुख्यतः खारूनमधूनच उचलले जाते. महादेव घाटावरील हटकेश्वर मंदिर हाजिराज नायक याने बांधल्याचे कलचुरी राजा ब्रह्मदेव याच्या काळातील, विक्रम संवत १४५८ चा शिलालेख सांगतो. हा शिलालेखही संग्रहालयातच आहे. कार्तिक पौर्णिमेला घाटावर पुन्नी मेळा भरतो. नदीवरील झुलता पूल तरुणांना आवडतो.

महानदीकडे निघायचे तर पहिले नाव सिरपूर. रायपूरहून सुमारे ८० किलोमीटरवर, महानदीच्या उजव्या काठावर, दक्षिण कोसलची ही जुनी राजधानी श्रीपूर. येथील विटांचे लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातील आहे. पती हर्षगुप्त याच्या स्मृतीसाठी राणी वासटा हिने, पुत्र महाशिवगुप्त बालार्जुन याच्या राजवटीत, ते बांधविले. विटांवर इतके नाजूक कोरीव काम देशात फार थोड्या ठिकाणी टिकले आहे. घाईने पाहण्याचे हे मंदिर नव्हे. आनंदप्रभ कुटी विहाराचे उत्खनन १९५० च्या दशकात मराठी पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. पायऱ्यांची उंच चढण असलेला सुरंग टीला त्यानंतर अर्धशतकाने उजेडात आला. वाटेत आरंग येथील भांड देऊळ हे जैन मंदिर थोडक्यात पाहता येते.

राजीम सुमारे ४५ किलोमीटरवर. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमामुळे त्याला छत्तीसगडचे प्रयाग म्हणतात. राजीवलोचन मंदिरात जगपालदेवाचा ११४५ चा शिलालेख आहे. संगमाच्या वाळवंटात उंच जोत्यावर उभे असलेले कुलेश्वर महादेव मंदिर पुराचे लोंढे झेलत आले आहे. माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत येथे मोठी यात्रा भरते. जवळच वल्लभाचार्यांचे जन्मस्थान मानले जाणारे चंपारण आहे. चंदखुरी येथील कौसल्या माता मंदिर तर तळ्याच्या मध्यभागीच आहे.

नवा रायपूरमधील पुरखौती मुक्तांगण आणि जंगल सफारी मुलांसोबत जाणाऱ्यांना अर्धा-अर्धा दिवस पुरतात. मुक्तांगण २००६ मध्ये, सफारी २०१६ मध्ये सुरू झाली. सफारीच्या आवारातही खंडवा जलाशय आहे. अधिक वेळ असल्यास धमतरीजवळचे गंगरेल, म्हणजे रविशंकर सागर धरण गाठावे. त्याच परिसरातील मुरूमसिल्ली धरण १९२३ मध्ये पूर्ण झाले. जलाशय भरला की त्याचे वक्रनलिका पद्धतीचे सांडवे आपोआप वाहू लागतात.

नागपूरहून रायपूर सुमारे ३०० किलोमीटर असून मुंबई-हावडा मुख्य रेल्वेमार्गावर आहे. डिसेंबर २०२२ पासून नागपूर-बिलासपूर वंदे भारत एक्स्प्रेसही येथे थांबते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा प्रवासाला उत्तम काळ. तळी मात्र पावसाळा संपताना, सप्टेंबरअखेरीस, काठोकाठ भरलेली असतात. सिरपूर आणि राजीम एकाच दिवसात उरकण्याऐवजी दोन स्वतंत्र दिवस ठेवावेत.