साठीनंतरचे मणक्याचे ऑपरेशन : काय मिळते, काय उरते

सकाळी बागेत फिरायला येणाऱ्यांत एखादे आजोबा हमखास दिसतात. शंभर-दीडशे पावले चालले की बाक शोधतात, दोन मिनिटे टेकतात, उठून पुन्हा तेवढेच चालतात. विचारले तर 'पोटऱ्या भरून येतात, पाय जड होतात, बसले की बरे वाटते' असे सांगतात. घरची मंडळी 'वय झाले' म्हणून विषय संपवतात. पुष्कळदा दोष केवळ वयाचा नसतो. कंबरेच्या मणक्यांतून जाणारी पोकळी अरुंद होऊन तिच्यातील मज्जातंतू दाबले गेलेले असतात. 'लंबर कॅनॉल स्टेनोसिस' या नावाने ओळखला जाणारा हा विकार उतारवयातील मणक्याच्या शस्त्रक्रियांमागचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. नेदरलँड्समधील शल्यविशारद हेंक फेरबीस्ट यांनी १९५४ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केल्यावर त्याला वैद्यकात स्वतंत्र ओळख मिळाली.

वयानुसार मणक्यांमधील गाद्या झिजून बसतात, मागचे सांधे जाड होतात आणि मणक्यांना बांधून ठेवणारा पिवळसर अस्थिबंध फुगून पोकळीत शिरतो. चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या दरम्यान हे सर्वाधिक घडते. माणूस ताठ उभा राहिला की पोकळी आणखी आवळते, पुढे वाकला की थोडी मोकळी होते. म्हणूनच अशा रुग्णाला रस्त्यावर चालवत नाही, पण सायकल चालवता येते; मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून तो तासभर हिंडू शकतो. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात. फरक एवढाच, की त्या दुखण्यात नुसते उभे राहिले तरी आराम पडतो; मणक्याच्या दुखण्यात बसावे किंवा वाकावे लागते. मधुमेह्यांमध्ये दोन्ही विकार एकत्र असू शकतात, शिवाय साखरेमुळे तळपायांच्या नसाही बधिर झालेल्या असतात. त्यामुळे पायाची नाडी तपासल्याखेरीज मणक्याच्या ऑपरेशनचा विचार करू नये.

ऑपरेशनने नस मोकळी होते, झिजलेली कंबर नवी होत नाही, ही गोष्ट निर्णयाआधी रुग्णाच्या मनात पक्की बसायला हवी. चालताना पायात उतरणारी कळ, जडपणा, मुंग्या यांवर शस्त्रक्रियेचा गुण चांगला येतो. पायात काहीच नाही आणि केवळ कंबर दुखते, अशा रुग्णाला तिचा भरवसा देता येत नाही. निराश होणाऱ्यांपैकी अनेकांची अपेक्षाच मुळात चुकीच्या दुखण्याविषयी असते.

एमआरआयच्या अहवालाने घाबरून जाण्याचे कारण नाही. कोणताही त्रास नसलेल्या ६७ जणांच्या कंबरेचे एमआरआय काढून १९९० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के लोकांच्या चित्रांत दोष आढळले आणि २१ टक्क्यांची पोकळी अरुंद होती. अहवालातील दोष आणि रुग्णाची तक्रार यांचा मेळ बसला, तरच त्या दोषाला अर्थ.

बहुतेकांना थांबून पाहण्याची सवड असते. पुढे वाकण्याचे व्यायाम, पोटाच्या आणि मांड्यांच्या स्नायूंना बळकटी, वजन आटोक्यात ठेवणे यांवर अनेकांची वर्षे बरी जातात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६९ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनंतर शस्त्रक्रियेचा गट आणि फिजिओथेरपीचा गट जवळपास सारख्याच स्थितीत होते. मात्र फिजिओथेरपीच्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांनी मध्यंतरी ऑपरेशन करून घेतले होते, हेही ध्यानात ठेवावे. मणक्यात दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांविषयी फार आशा नको. २०१४ मधील ४०० रुग्णांच्या चाचणीत, नुसत्या बधिरतेच्या औषधापेक्षा त्यांचा सहा आठवड्यांनी फारसा अधिक उपयोग दिसला नाही.

लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बैठकीचा भाग बधिर होणे, पाऊल लुळे पडणे यांपैकी काही झाले तर मात्र सवड नसते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

'मणक्याला हात लावला की माणूस लुळा पडतो' ही भीती आपल्याकडे खोलवर रुजली आहे. वास्तविक मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली असतो तो मज्जातंतूंचा, घोड्याच्या शेपटीसारखा जुडगा. बहुतेक ऑपरेशने या खालच्या भागात होतात. नसेला इजा होण्याचा धोका शून्य नाही, पण तो थोडा. अधिक संभवतात ते मज्जातंतूंवरील आवरण फाटणे, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी आणि हृदयाच्या तक्रारी. केवळ वय जास्त म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि साखर यांचा कौल महत्त्वाचा.

शस्त्रक्रियेत मणक्याच्या मागच्या कमानीचा भाग आणि फुगलेला अस्थिबंध काढून नसांना वाट करून देतात. त्याला 'लॅमिनेक्टॉमी' म्हणतात. त्याच्या जोडीला स्क्रू आणि सळ्या बसवून मणके सांधावेत का, हा खरा वादाचा मुद्दा. स्वीडनमधील २४७ रुग्णांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सांधण्याचा वेगळा लाभ आढळला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील एका लहान चाचणीत, मणका सरकलेल्यांमध्ये थोडा लाभ दिसला. अमेरिकेतील वृद्धांच्या २००२ ते २००७ या काळातील नोंदींत जीवघेण्या गुंतागुंतीचे प्रमाण नुसत्या मोकळे करण्याच्या शस्त्रक्रियेत २.३ टक्के, तर व्यापक सांधणीत ५.६ टक्के होते. मणका अस्थिर असेल तर स्क्रू लागतातच, पण 'माझ्या बाबतीत ते कशासाठी?' हा प्रश्न विचारण्यात संकोच कसला? उत्तराने समाधान झाले नाही तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. हाडे ठिसूळ असतील तर स्क्रूची पकड सुटू शकते आणि तंबाखूमुळे सांधा जुळायला अडथळा येतो. मिशरी लावणाऱ्या आजींनीही ती लपवू नये.

ऑपरेशननंतर साधारणतः दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करतात. उठताना कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या रेट्याने बसायचे. काही वृद्ध पहिल्या रात्री भ्रमिष्टासारखे बोलतात, मुलाला ओळखत नाहीत. घरचे हवालदिल होतात. पण ही अवस्था बहुधा काही दिवसांत निवळते. चष्मा आणि श्रवणयंत्र परत लावणे, खोलीत उजेड ठेवणे, ओळखीचे माणूस जवळ असणे यांचा उपयोग होतो. डॉक्टरांना मात्र लगेच सांगावे.

घरी आल्यावर आपल्या सवयी आड येतात. पाटावर जेवणे, भारतीय पद्धतीचा संडास, पाण्याची बादली, नातवाला उचलणे हे सारे काही आठवडे बंद. मणके सांधले असतील तर काही महिने. कमोडची खुर्ची, बाथरूममध्ये धरायला दांडी, उंच बैठकीची खुर्ची यांची सोय आधीच करून ठेवावी. चालणे हाच मुख्य व्यायाम, दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे. पायाची कळ बहुधा लवकर थांबते. बधिरपणा महिनोन्महिने रेंगाळतो, फार काळ दबलेल्या नसेचा तर कधी कायमचा राहतो. कंबर अधूनमधून दुखतच राहते. काही वर्षांनी शेजारच्या मणक्यापाशी तोच त्रास पुन्हा उद्भवू शकतो.

घरी आल्यानंतर ताप, जखमेतून पाण्यासारखा स्राव, उठून बसल्यावर वाढणारी डोकेदुखी, एका पोटरीला सूज किंवा पायातील शक्ती कमी होणे यांपैकी काही दिसले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता शल्यविशारदांना कळवावे. एकाएकी दम लागला किंवा लघवी अडली तर थेट रुग्णालयच गाठावे.