सार्त्र आणि कामू : तत्त्वज्ञ कोण, कथाकार कोण?

तत्त्वज्ञानानें कथेचा आश्रय घ्यावा कीं नाहीं, हा वाद जुनाच आहे. परंतु फ्रान्समधील अस्तित्ववादी लेखकांमुळें त्याला विशेष धार आली. एकाच लेखणीनें एकीकडे सिद्धान्त मांडावे आणि दुसरीकडे कादंबऱ्या लिहाव्या, असा दुहेरी उद्योग ज्याँ पॉल सार्त्र व आल्बेर कामू या दोघांनींही केला. कामूनें 'अस्तित्ववादी' हें बिरुद स्वतः नाकारलें होतें. तथापि वाचकांनीं त्याला त्याच पंक्तीस बसविलें. या दोघांची तुलना करण्यास त्यांनीं एकमेकांच्या पुस्तकांवर लिहिलेलीं परीक्षणेंच आम्हांस उत्तम साधन वाटतात.

१९३८ सालीं सार्त्रची 'मळमळ' ही पहिली कादंबरी निघाली. एका जुन्या उमरावाचें चरित्र लिहीत असलेला तिचा नायक बागेंतील झाडाच्या मुळाकडे पाहतां पाहतां वस्तूंच्या निष्कारण असण्यानेंच व्याकुळ होतो, हें तिचें मर्मस्थान. चोविशींतला कामू त्या वेळीं अल्जीयर्सच्या एका वृत्तपत्रांत लिहीत असे. त्यानें लेखकाच्या गुणांची वाखाणणी केली, पण तक्रारही नोंदविली : कादंबरींतला विचार प्रतिमांत मुरला पाहिजे, येथें तो पुरता मुरलेला नाहीं.

१९४२ सालीं कामूची 'परका' ही कादंबरी व 'सिसिफसची पुराणकथा' हा निबंध प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं सार्त्रनें 'परका'चें दीर्घ परीक्षण केलें. निबंध विसंगतीची कल्पना देतो, कादंबरी तिची जाणीव देते, असा मार्मिक भेद त्यानें केला. कामूचें एकेक वाक्य बेटासारखें सुटें कसें राहतें, हेंही दाखविलें. मात्र हायडेगर, यास्पर्स यांचे उतारे देणाऱ्या कामूस ते नेहमींच उमगलेले दिसत नाहींत, असा टोला मारण्यास तो चुकला नाहीं.

दोघांचेही बाण अचूक लागले आहेत. १९३९ सालीं सार्त्रनें मोरियाक या कादंबरीकारावर आक्षेप घेतला होता कीं, तो परमेश्वराप्रमाणें पात्रांच्या डोक्यावर बसून त्यांचें स्वातंत्र्य हिरावून घेतो. हीच कसोटी सार्त्रला लावली तर काय दिसतें? 'स्वातंत्र्याचे मार्ग' या त्याच्या मालेचे तीन खंड १९४५ ते १९४९ या काळांत निघाले; चौथा पुरा झालाच नाहीं. तिचा नायक तत्त्वज्ञानाचा शिक्षक आहे, आणि पुष्कळदां माणूस म्हणून जगण्याऐवजीं तो सिद्धान्त म्हणून बोलतो. उलट, १९४३ च्या 'अस्तित्व आणि शून्यता' या सातशेंहून अधिक पृष्ठांच्या जड ग्रंथांत उपाहारगृहांतला वाढपी पाहा. जरा जास्तच चपळाईनें पावलें टाकणारा, जरा जास्तच अदबीनें वांकणारा हा मनुष्य जणूं वाढपी असण्याची बतावणी करीत असतो. आणि आत्मवंचना म्हणजे काय, तें वाचकास व्याख्येवांचूनही कळतें.

कामूचें नेमकें याच्या उलट आहे. १९४७ च्या 'प्लेग' या कादंबरींत न्यायाधीशाचें लहानगें मूल तडफडून मरतें, आणि डॉक्टर रियू व पाद्री पानलू यांच्यांत खटका उडतो. ईश्वर आणि दुःख यांचा तो सनातन वाद आहे. पण तेथें दोन मतें भांडत नाहींत, दोन थकलीं माणसें भांडतात. तोच कामू १९५१ सालीं 'बंडखोर मानव' हा वैचारिक ग्रंथ घेऊन पुढें आला, तेव्हां सार्त्रच्या मासिकांत त्याच्यावर प्रखर टीका झाली. सार्त्रनें त्याच्या तत्त्वज्ञानांतील अधिकारावरच आघात केला आणि १९५२ सालीं दोघांची मैत्री तुटली.

या वादांत राजकारण होतें, मानापमानही होता. तरी वाङ्मयाच्या अभ्यासकास त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. सार्त्रमधील कथाकाराची खरी गांठ त्याच्या तत्त्वग्रंथांत पडते, आणि कामूमधील तत्त्वज्ञाची त्याच्या कादंबरींत. कादंबरींतून मत तेवढें निवडून घेणारा वाचक या दोघांपैकीं कोणालाच ओळखूं शकणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.