आग्र्याच्या किल्ल्यातील आठ वर्षे

बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातून तापीच्या काठी गेले म्हणजे शाही किल्ल्याचे भग्नावशेष भेटतात. मुमताज महल १६३१ साली चौदाव्या बाळंतपणात याच गावी वारली, हे प्रत्येक प्रवासी ऐकून जातो. त्या दिवशी तिच्या सतरा वर्षांच्या थोरल्या मुलीवर, जहानआरावर, काय येऊन पडले हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. शोकाने खचलेला बाप आणि धाकटी भावंडे यांचा सांभाळ तेव्हापासून तिच्याकडे आला. तिचे लग्न कधीच झाले नाही.

१६५७ च्या सप्टेंबरात शहाजहान लघवी अडण्याच्या विकाराने अंथरुणास खिळला. चारही मुलगे कर्ते होते. परंतु बापाचे दुखणे म्हणजे तख्ताचा निकाल, असाच अर्थ त्यांनी घेतला. दारा उशाशी होता खरा. पण तख्तही तेथेच होते, हे विसरून चालणार नाही. औरंगजेब १६५८ च्या फेब्रुवारीत याच बुऱ्हाणपुरास येऊन महिनाभर राहिला आणि २० मार्चला फौजेसह उत्तरेकडे निघाला. जूनमध्ये त्याने आग्र्याच्या किल्ल्याचे यमुनेचे पाणी तोडले. ऐन उन्हाळ्यात विहिरीचे मचूळ पाणी पिऊन म्हातारा बादशहा तीन दिवसांत नमला.

राज्य चौघा भावांत वाटून घ्यावे, ही जहानआराची तडजोड कोणी ऐकली नाही. धाकटी रोशनआरा विजयी भावाच्या पक्षाला होती. जहानआरा बापाबरोबर कैदेत राहिली. चव्वेचाळिसाव्या वर्षापासून पुढची आठ वर्षे तिने आजारी, संतापी, हताश वृद्धाच्या सेवेत घालविली.

लेकीने बापाला पाहावे, हे घरोघर चालतच आले आहे; कायद्याला ते उशिरा सुचले. लग्न झालेल्या मुलीवरही बापाच्या पोषणाची जबाबदारी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात सांगितले. २००७ च्या कायद्याने तर सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, आईबापांना परत मागता येते. शहाजहानची तर मालमत्ता कोणी मागून घेतलीच नव्हती!

अखेरीस जहानआराच्या विनवणीवरून शहाजहानने औरंगजेबाच्या क्षमापत्रावर सही केली, असे जदुनाथ सरकार लिहितात. आधी त्याने ते नाकारले होते. १६६६ च्या जानेवारीत तो वारला. बापाची अंत्ययात्रा थाटाने निघावी ही लेकीची इच्छाही पुरी झाली नाही. प्रेत गुपचूप नावेतून ताजमहालास नेले गेले. आठ वर्षांत औरंगजेब एकदाही भेटीस आला नव्हता. पुढे त्यानेच बहिणीला पादशाह बेगमचा मान परत दिला, आणि तिने तो स्वीकारला.