निरोपाची अनामत

१७६१च्या जानेवारीत नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. पानिपतावर काय झाले याची पक्की खबर त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. माळव्यात भेलशाजवळ त्यांच्या माणसांनी एक जासूद अडवला. तो एका सावकाराचे पत्र घेऊन औरंगाबादेकडे चालला होता. पत्र फोडले गेले. त्यात लढाईचे नाव नव्हते. सराफाच्या वहीतली नोंद असावी तसा मजकूर होता. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही, असा त्याचा आशय. पेशव्यांना अर्थ लावायला वेळ लागला नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे कोणाची तरी पोरे असलेले हजारो शिपाई.

श्रोतेहो, पानिपतचा शोक सांगताना आपण हे पत्र नेहमी आठवतो. आज मला त्याच्याकडे जरा वेगळ्या बाजूने पाहायचे आहे. ते पत्र पेशव्यांना लिहिलेले नव्हते. निरोप एकाचा, दुसऱ्यासाठी निघालेला, आणि वाटेत वाचला तिसऱ्याने. सावकाराने सांकेतिक भाषेचे कुलूप घातले होते, पण ज्याला संदर्भ ठाऊक होता त्याच्यापुढे ते टिकले नाही. आज आपल्या खिशातला मोबाइल दिवसभर असेच निरोप धाडत असतो. त्यांचे जासूद आपल्याला दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक.

या विषयासाठी मराठीला शब्द उसने आणायची गरज नाही. रायगडावर खलबतखाना आहे. एकांत या अर्थाचा अरबी 'खलवत' मराठीत येऊन खलबत झाला. दुसरा शब्द 'अनामत'. मूळ अरबी 'अमानत', म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. मराठीच्या जिभेवर अक्षरे उलटीपालटी झाली, अर्थ मात्र तोच राहिला. प्रेषित मुहंमदांच्या चरित्रात एक प्रसंग सांगतात. मक्केत जिवावर बेतले आणि त्यांना रातोरात शहर सोडावे लागले, तेव्हा लोकांनी त्यांच्याकडे ठेवलेल्या अनामती ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अलींना मागे ठेवले. घेणारा विरोधी गटातला असला तरी अनामत त्याचीच होती. दुसऱ्याचा निरोप आपल्या हाती येतो तोही असाच येतो. तो सांभाळायचा असतो, वापरायचा नसतो. निरोपाच्या सुरक्षिततेचा सगळा इतिहास, माझ्या मते, या एका शब्दाभोवती फिरतो.

आपल्या वऱ्हाडाने हा इतिहास कापसाच्या निमित्ताने पाहिला. १८७० साली जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबईहून एडन, सुएझमार्गे समुद्राखालून तार थेट इंग्लंडपर्यंत जोडली गेली. वऱ्हाडच्या पऱ्हाटीचा भाव आणि लिव्हरपूलच्या बाजाराचा भाव एकमेकांना ऐकू येऊ लागले. पण तारेची एक गंमत होती. पत्राला निदान पाकीट असते, तारेला तेही नाही. 'कट्ट कडकट्ट' करणाऱ्या तारबाबूला प्रत्येक शब्द वाचावाच लागे. म्हणून जगभरचे व्यापारी संकेतकोश वापरू लागले. एका शब्दात अख्खे वाक्य बसवायचे. शब्दागणिक पडणारा पैसाही वाचे आणि भावही गुप्त राही. पण कोश छापील. पैसे मोजले की तो प्रतिस्पर्ध्यालाही मिळे.

या कोड्याचे उत्तर १८८३ साली ऑग्युस्त केरखॉफ्स या पॅरिसमधल्या भाषाशिक्षकाने मांडले. त्याचे म्हणणे साधे होते. कुलपाची बनावट शत्रूला कळली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आजच्या सगळ्या संगणकीय सुरक्षिततेचा पाया हाच आहे. आणि हे सांगणारा भाषेचा माणूस होता, याचे मला कवी म्हणून बरे वाटते.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८५ साली, हिंदुस्थानात टेलिग्राफ कायदा आला. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणाने निरोप अडवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाली, पण तारेचा तो कायदा टेलिफोनला लागू झाला, मोबाइललाही लागू झाला आणि २०२३च्या दूरसंचार कायद्याने त्याची जागा घेईपर्यंत टिकला.

मग बिनतारी आली. तारेवरचा निरोप ऐकायला तार तरी गाठावी लागे. बिनतारीचा निरोप हवेत सोडलेला. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याला तो ऐकू येणारच. आणि नुसता मजकूर नव्हे, तो कोठून निघाला हेही शोधता येते. १९४२च्या ऑगस्टमध्ये, सगळे नेते तुरुंगात गेल्यावर, मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवरून 'भारतात कुठूनतरी' बोलत असल्याचे ते सांगत. पोलिसांच्या शोधक गाड्या लहरींचा माग काढत फिरत, म्हणून हे लोक यंत्र घेऊन एका घरातून दुसऱ्या घरात जात. जवळजवळ तीन महिने हा पाठशिवणीचा खेळ चालला. १२ नोव्हेंबर १९४२ला छापा पडला. उषाबेननी पुढे सांगितले त्याप्रमाणे, त्यांच्याच एका तंत्रज्ञाने ठिकाण दाखवले होते. लहरींनी जे उशिरा सांगितले असते, ते माणसाने आधी सांगितले.

हे लक्षात ठेवून मोबाइलकडे या. ३१ जुलै १९९५ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलून भारतात या युगाची सुरुवात केली. मोबाइल हाही बिनतारीच. तिवशाच्या बाजारातून निघालेला आवाज टॉवरपर्यंत हवेतूनच जातो. तो सुरक्षित राहावा म्हणून सिमकार्डात एक गुप्त किल्ली ठेवलेली असते. तिची जोड कंपनीच्या संगणकात असते. टॉवर दरवेळी नवा आकडा पाठवतो, सिम आपल्या किल्लीने त्याचे उत्तर काढते आणि फक्त उत्तर परत पाठवते. किल्ली स्वतः कधी हवेत जातच नाही. युक्ती मोठी सुरेख आहे.

पण दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे टूजी फोनमध्ये दोन उणिवा राहिल्या. फोनने टॉवरला ओळख पटवायची, टॉवरने फोनला नाही. वाड्याचा पहारेकरी येणाऱ्याला नाव विचारतो, पण पहारेकरी खरा की तोतया हे विचारायची सोय पाहुण्याला नाही. त्यामुळे खोटा टॉवर उभारून आसपासचे फोन आपल्याकडे ओढणे शक्य झाले. दुसरी उणीव म्हणजे संभाषण झाकणाऱ्या पद्धतीची बनावटच गुप्त ठेवली होती. केरखॉफ्सने सांगितले होते नेमके त्याच्या उलट. १९९९पर्यंत ती बनावट उघड झाली आणि २००९च्या अखेरीस कार्स्टन नोल या जर्मन संशोधकाने ती साध्या साधनांनी फोडता येते हे दाखवून दिले. तिसऱ्या पिढीपासून टॉवरलाही ओळख द्यावी लागते. पण हवेतले हे कुलूप असते ते फोनपासून कंपनीच्या यंत्रणेपर्यंतच. पुढे साधा एसएमएस कंपनीच्या संगणकांतून उघडाच जातो. शिवाय फोन लागायचा तर तो कोणत्या टॉवरखाली आहे हे यंत्रणेला कळावेच लागते. उषाबेनना शोधायला गाड्या फिरवाव्या लागल्या, आपण आपला पत्ता स्वतः खिशात घेऊन फिरतो.

कुलूप न लावण्याची किंमत काय असते ते २००८ साली नवी मुंबईने पाहिले. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. माग काढत पोलीस सानपाड्याच्या एका घरात पोहोचले. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याच्या घरातले वाय-फाय उघडे होते आणि कोणीतरी बाहेरून ते वापरले होते. पुढच्या दोन महिन्यांत मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या आणि एका कंपनीच्या वाय-फायचा असाच वापर झाला. २००९ साली दूरसंचार खात्याने वाय-फाय सुरक्षित करण्याच्या सूचना काढल्या. पण तोवर एका माणसाच्या दारात पोलीस येऊन गेले होते, त्याचे संगणक तपासले गेले होते, त्याचे नाव वर्तमानपत्रांत छापून आले होते. त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही हे खरे. तरी संशयाचा डाग धुवायला किती पाणी लागते हे ज्याच्या अंगावर तो पडतो त्यालाच कळते. ज्याच्या घरी तो कधी पडतच नाही, त्याला खासगीपणा ही चैनीची वस्तू वाटू शकते.

हवेतला निरोप शेवटी उतरतो तो सर्व्हरमध्ये. सर्व्हर म्हणजे कोठार. आपले पैसे, आपला अंगठा, आपला सातबारा, दवाखान्यातले आपले कागद तिथे ठेवलेले. हे कोठार फुटले तर काय होते? १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर २०१८च्या ऑगस्टमध्ये हल्ला झाला. चोरांनी घातक प्रोग्राम घुसवून, एटीएमच्या मागणीला 'होय' किंवा 'नाही' म्हणणाऱ्या यंत्रणेच्या जागी आपली खोटी यंत्रणा बसवली. ती प्रत्येक मागणीला 'होय' म्हणत गेली. ११ ऑगस्टला बनावट कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. तिजोरीला कोणी हातही लावला नव्हता. फितवला गेला होता तो संगणकातला पहारेकरी.

चोराचा बंदोबस्त पोलीस करतील. पण कोठार राखणाराच आत डोकावू लागला तर? त्यासाठी कायदा लागतो, आणि तो आपल्याकडे हळूहळू घडला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगच्या प्रकरणात सांगितले की फोनवरचे बोलणे हा माणसाच्या खासगी जीवनाचा भाग आहे, ते ऐकायचे तर वरिष्ठ अधिकाऱ्याचा लेखी आदेश हवा आणि त्या आदेशाची तपासणी व्हायला हवी. २४ ऑगस्ट २०१७ला के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायमूर्तींच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. माहिती कशासाठी घेतली ते सांगायचे, त्याचसाठी वापरायची आणि काम संपल्यावर पुसायची, हे त्याचे मुख्य सूत्र. सरकारला मात्र त्यात मोठ्या सवलती आहेत, आणि म्हणूनच १८८५चा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. राज्याला कधी निरोप अडवावा लागतो हे मान्य. पण कोणी अडवला, कशासाठी आणि किती दिवस, याचा जाब कोणाला तरी द्यावा लागलाच पाहिजे.

आणि आपण? तिवसा, मोझरी, कुऱ्हा, कुठल्याही गावच्या सेवा केंद्रावर जा. पीक विम्यासाठी रांग लागलेली असते. म्हाताऱ्या आजोबांच्या फोनवर आकडा येतो आणि पलीकडून आवाज येतो, "सांगा बाप्पा, काय नंबर आला?" आजोबा साऱ्या रांगेला ऐकू जाईल असा ओटीपी सांगतात. बँकेची तिजोरी उघडणारी किल्ली ती, आणि ती भर चौकात पुकारली जाते. त्यात आजोबांचा दोष नाही. वाचता न येणाऱ्या माणसाला आपण दुसरी वाटच ठेवलेली नाही. झेरॉक्सच्या दुकानात आधारकार्डाच्या बिघडलेल्या प्रती पडून असतात आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडले जातात.

केंद्रावरच्या पोराने फोन आजोबांच्या हातात ठेवून आकडा फक्त पडद्यावर पाहिला, तरी पुष्कळ होईल. दुकानदाराने बिघडलेली प्रत फाडून टाकावी. देणाऱ्याने प्रतीवर ती कशासाठी दिली ते आणि तारीख लिहावी. जमेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेले आधार द्यावे. वाय-फायला पासवर्ड घालावा आणि तो दुकानाच्या पाटीवर लिहू नये. बँक असो, कंपनी असो की सरकारी कचेरी, माहिती मागणाऱ्याला विचारावे की साहेब, ही आमची अनामत आहे, ती तुम्ही परत कधी करणार? प्रश्न अदबीने विचारावा, पण विचारावाच.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)