पैनगंगेपलीकडची सून

माझी आजी वाशीमची, म्हणजे इंग्रजी अमलाखालच्या वऱ्हाडातली. दिली सेनगावला, निजामाच्या मुलखात. सेनगाव तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. सेनगावचा आजचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला १९९९ साली. पैनगंगा ओलांडली की इंग्रजी कलदार रुपयाच्या जागी निजामाचा हाली सिक्का यायचा, कचेरीत उर्दू आणि नाक्यावर करोडगिरीवाले, म्हणजे जकातवाले.

संस्थानात सरकारी नोकरी हवी तर माणूस ‘मुलकी’ लागे. बाहेरच्याला त्यासाठी १५ वर्षांचा कायम रहिवास, शिवाय मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचं मॅजिस्ट्रेटपुढचं प्रतिज्ञापत्र. आजीला यातलं काहीच करावं लागलं नाही. मुलकी नवऱ्याशी लग्न लागलं आणि ती मुलकी झाली.

पण इथली लेक वाशीमला दिली, की तिचं मुलकीपण जायचं. नवरा वारला किंवा काडीमोड झाला आणि ती कायमची माहेरी परतली, तरच ते पुन्हा मिळे. जन्मगावावरचा हक्क बाईनं लग्नापायी गमवावा, हे मला अन्यायाचंच वाटतं.

देशाच्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यातही लग्नाच्या नात्यानं नोंदणीची वाट आधी फक्त बायकांना होती. परदेशी नवऱ्यांना ती १९८६च्या दुरुस्तीनं मिळाली. आज दोघांनाही अर्जाआधी ७ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो.