दुधाचे दात पडणारच, मग उपचार कशाला? दातांबद्दलचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

पाच वर्षांच्या मुलाची दाढ किडली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "दुधाचीच दाढ आहे, पडेल आपोआप." चाळिशीतल्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त आलं की दुसरं वाक्य येतं, "ब्रश कडक असेल." दोन्ही वेळा दवाखान्यात जाणं पुढे ढकललं जातं. मग एका रात्री दाढ ठणकायला लागते आणि तोवर साध्या भरण्याचं काम रूट कॅनलपर्यंत पोहोचलेलं असतं.

हे घरोघरी घडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे 350 कोटी लोकांना तोंडाचा किंवा दातांचा कुठला ना कुठला आजार आहे. दुधाचे दात किडलेल्या मुलांची संख्याच 50 कोटींच्या वर आहे. यातले बहुतेक आजार टाळता येण्यासारखे आहेत.

दात किडतो म्हणजे नेमकं काय होतं?

दातात कुठलाही किडा नसतो. तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थांवर जगतात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताचं वरचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, हळूहळू झिजवतं. आधी पांढरट डाग दिसतो, मग खड्डा पडतो. खड्डा आतल्या थरात गेला की थंड-गोड झोंबतं. नसेपर्यंत पोहोचला की रात्रीची झोप उडते.

गोड किती खाल्लं यासोबतच ते दिवसातून किती वेळा खाल्लं, हेही महत्त्वाचं असतं. जेवणानंतर एकदा खाल्लेल्या लाडवापेक्षा दिवसभर थोडं थोडं खाल्लेलं क्रीमचं बिस्कीट दातांना जास्त महागात पडतं.

दुधाचे दात का जपायचे?

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि तिसऱ्या वर्षापर्यंत 20 दुधाचे दात पूर्ण होतात. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात. मागच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. पाचव्या वर्षी किडलेली दाढ 'आपोआप पडेल' म्हणून सोडली, तर मुलाला पाच-सहा वर्षं तिच्यासोबत जेवावं लागतं.

दुसरं कारण जागेचं आहे. दुधाची दाढ खाली येणाऱ्या कायमच्या दातासाठी जागा राखून ठेवते. ती लवकर काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नवा दात वाकडा येतो. शिवाय दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला, तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते.

सहाव्या वर्षी येणारी दाढ

इथे बरेच पालक फसतात. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधी कुठलाही दात पडलेला नसतो. त्यामुळे ती दुधाचीच समजली जाते आणि किडली तरी दुर्लक्ष होतं. पण ती कायमची असते. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

मुलांवर कोणते उपचार होतात?

- फ्लोराइड वार्निश: दातांवर औषधाचा पातळ थर लावतात. त्याने इनॅमल बळकट होतं.
- सीलंट: नव्या दाढेवरच्या खोल खाचा बुजवतात, म्हणजे त्यात अन्न अडकत नाही. यात दुखत नाही.
- भरणं: कीड साफ करून खड्डा सिमेंट किंवा दाताच्या रंगाच्या पदार्थाने भरतात.
- नसेचा उपचार: कीड नसेपर्यंत गेली तर दुधाच्या दाढेवरही रूट कॅनलसारखा उपचार करून वर कॅप बसवतात.
- स्पेस मेंटेनर: दाढ काढावीच लागली तर तिची जागा राखण्यासाठी लावलेली छोटी तार.

पेस्ट किती आणि ब्रश कुणी करायचा?

पहिला दात आल्यापासूनच ब्रश सुरू करावा. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. सकाळी आणि रात्री झोपताना, दोन वेळा ब्रश हवा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातात ब्रश दिला तरी शेवटचा हात आई-बाबांनीच फिरवावा. बाळाला गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवण्याची सवय समोरचे दात सर्वांत आधी खराब करते.

यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. अशा भागात पेस्ट कोणती वापरायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

मोठ्यांसाठी: भरायचं, रूट कॅनल की दात काढायचा?

हे कीड किती खोल गेली आहे यावर ठरतं. नसेला धक्का लागला नसेल तर भरणं पुरतं. नस सडली असेल तर रूट कॅनलमध्ये ती काढून मुळातल्या नळ्या साफ करून बंद करतात. भूल दिलेली असल्याने सहसा दुखत नाही. त्यानंतर दाढेवर कॅप बसवणं मात्र टाळू नये. उपचार झालेली दाढ ठिसूळ होते आणि एखादा कडक शेंगदाणा तिला तडा देऊ शकतो.

दात वाचण्यासारखाच नसेल तर काढतात. त्या जागी ब्रिज, कवळी किंवा इम्प्लांट हे पर्याय असतात.

स्केलिंगने दात हलतात का?

नाही. साचलेला दगडासारखा थर निघाला की दातांमधल्या फटी उघड्या पडतात आणि दात सैल झाल्यासारखे वाटतात. खरं तर दात सैल होतात ते त्या थराखाली हिरडी आणि हाड झिजल्यामुळे. ब्रश करताना रक्त येणं ही त्याची पहिली खूण असते. मधुमेह असलेल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं, कारण वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

मिश्रीने दात घट्ट होतात?

महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण भागातल्या अनेक स्त्रियांना मिश्रीची सवय आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. सुरुवातीला दुखणं थांबल्यासारखं वाटतं, पण हिरड्या झिजतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा तोंड कमी उघडणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच तपासणी करावी.

पडून दात निघाला तर?

कायमचा दात असेल तर तो मुळाकडून धरू नये. वरच्या भागाला धरून, माती लागली असल्यास हलकेच धुवून जागेवर बसवावा. जमलं नाही तर दुधात ठेवून अर्ध्या-एक तासाच्या आत डॉक्टरांकडे पोहोचावं. असा दात पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

कधी थांबू नये आणि कुठे जावं?

गालावर किंवा जबड्याखाली सूज, सोबत ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असेल तर थेट रुग्णालय गाठावं. दाताचा जंतुसंसर्ग घशाकडे पसरला तर जिवावर बेतू शकतं. अशा वेळी मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणून वाट पाहणं धोक्याचं असतं.

खर्चाची चिंता असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत तपासणी करतात आणि त्यात दातांचाही समावेश असतो. हा कार्यक्रम 2013मध्ये पालघरमधूनच सुरू झाला होता. पुढच्या वेळी पथक शाळेत आलं की मुलाच्या दाढेकडे बोट दाखवायला विसरू नका.