जायला दहा दिवस, यायला तीस

फ्रेंच पॉलिनेशियात शिडाची बोट भाड्याने घेऊन आठ-दहा दिवस बेटं फिरायची असतील, तर बरेच प्लॅन रायातेआ नावाच्या बेटापासून सुरू होतात. बोटी भाड्याने देणाऱ्यांचे तळ तिथे आहेत. शेजारचं ताहाआ बेट रायातेआच्याच प्रवाळाच्या कड्याच्या आत आहे, पूर्वेला हुआहिने, वायव्येला बोराबोरा. नकाशा बघितला की वाटतं, यात प्लॅन करण्यासारखं आहे काय?

गोम वाऱ्यात आहे. इथे वर्षातला बराच काळ वारा पूर्वेकडून नाहीतर आग्नेयेकडून येतो. त्यामुळे बोराबोराला जाताना वारा पाठीशी आणि एकदम मजेत. परतताना तोच वारा तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर चालत नाही, तिला नागमोडी वळणं घेत पुढे सरकावं लागतं आणि अंतर कितीतरी वाढतं. म्हणजे खरा प्रश्न 'कसं जायचं' हा नाहीच, 'परत कधी आणि कसं यायचं' हा आहे. (आपल्या कोकणातले कोळी नारळी पौर्णिमेची वाट बघतात ती काही फक्त नारळासाठी नव्हे.)

तर मंडळी, याच बेटांमधल्या एका सफरीचा लेखी तपशील 1769 सालचा आहे. जहाज इंग्लंडचं 'एन्डेव्हर', कप्तान जेम्स कुक. पण या टप्प्याचा प्लॅन कुकचा नव्हता. तो होता तुपाइया नावाच्या माणसाचा.

तुपाइया रायातेआचा. तिथल्या तापुतापुआतेआ या मोठ्या देवस्थानाचा पुजारी (ही जागा 2017 पासून जागतिक वारसा यादीत आहे) आणि वंशपरंपरेने दर्यावर्दी. बोराबोराच्या योद्ध्यांनी रायातेआ जिंकलं, याची जमीन गेली, हा जखमी होऊन ताहितीला आला. तिथे पुरेआ नावाच्या बलाढ्य बाईचा सल्लागार झाला. कुक एप्रिल 1769 मध्ये ताहितीला आला तो शुक्राचं अधिक्रमण बघायला. 3 जूनला ते झालं आणि 13 जुलैला जहाज निघालं, तेव्हा तुपाइया आणि तायाता नावाचा त्याचा पोरगेलासा सेवक जहाजावर होते. कुक आधी तयार नव्हता, या माणसाचा खर्च सरकार देणार नाही म्हणून. मग जोसेफ बँक्स या श्रीमंत निसर्गअभ्यासकाने खर्च उचलला. त्याचं डायरीतलं समर्थन वाचून मी दोन मिनिटं थांबलो होतो. त्याचा आशय असा, की माझे शेजारी सिंह-वाघ पाळतात, त्यांच्याहून कमी खर्चात मी हा माणूस हौस म्हणून का ठेवू नये?

ज्या माणसाला जहाजावर सगळ्यात जास्त कळत होतं, त्याची भरती या हेडखाली झाली!

पुढचे काही आठवडे मात्र जहाज त्याच्याच शब्दावर चाललं. ताहितीहून आधी हुआहिने, मग रायातेआ, म्हणजे वाऱ्याबरोबर पश्चिमेकडे. तुपाइयाने एका पाणबुड्याला जहाजाच्या तळाशी पाठवून जहाज पाण्यात किती खोल बसतंय ते मोजून घेतलं. त्यानंतर पाच वावांपेक्षा, म्हणजे साधारण 9 मीटरपेक्षा, उथळ पाण्यात त्याने जहाज जाऊ दिलं नाही. विचार करा, त्याने एवढं मोठं इंग्लिश जहाज आयुष्यात कधी चालवलं नव्हतं. पहिलं काम केलं ते मोजमाप घेण्याचं. वाऱ्यासाठी तो प्रार्थनाही करायचा. बँक्सने खवचटपणे नोंदवलंय, की समोरून झुळूक येताना दिसली की मगच याची प्रार्थना सुरू होते. मला तर यात तुपाइयाचं कौतुकच दिसतं. पाण्यावरची झुळूक त्यालाही दिसत होती की!

रायातेआवर कुकने झेंडा रोवला आणि ही सगळी बेटं इंग्लंडच्या राजाची म्हणून जाहीर केली. तुपाइयाला वाटत असावं, या तोफा बोराबोरावाल्यांविरुद्ध आपल्या कामी येतील. तसं काही झालं नाही. 9 ऑगस्टला जहाज दक्षिणेला वळलं.

आणि इथे दोघांचं वाजलं. तुपाइयाचं म्हणणं, पश्चिमेला चला, तिकडे भरपूर बेटं आहेत, बहुतेकांवर मी स्वतः जाऊन आलोय. कुकच्या खिशात गुप्त आदेश होते, दक्षिणेतला मोठा खंड शोधण्याचे. तो खंड नव्हताच, पण आदेश होते. कुकने तुपाइयाचं ऐकलं नाही, मात्र ऐकलेलं लिहून ठेवलं, हे त्याचं मोठेपण. तुपाइयाने सांगितलेलं गणित असं: त्या बेटांवर जायला 10-12 दिवस, यायला 30 किंवा जास्त. आणि आमच्या 'पाही' नावाच्या मोठ्या होड्या तुमच्या जहाजापेक्षा वेगाने जातात. कुकने अंदाज बांधला, की ही बेटं निदान 400 लीग, म्हणजे सुमारे 2200 किमी पश्चिमेला असणार. आजच्या टोंगाच्या उत्तर टोकाला.

या आकड्यांमध्ये मला सगळ्यात आवडतो तो 30. फुशारक्या मारणारा माणूस जाण्याचे दिवस सांगतो. परतीचे दिवस वेगळे आणि तिप्पट सांगतो तो जाऊन आलेलाच असतो. शिवाय परतीची सोयही तुपाइयाने सांगितली होती. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीत पावसाबरोबर पश्चिमेचे वारे येतात, तेव्हा पूर्वेकडे यायचं. थोडक्यात, वाऱ्याशी भांडायचं नाही, त्याच्या पाळ्या माहीत करून घ्यायच्या. कुकला हे पटलं होतं. याच पद्धतीने ही माणसं पश्चिमेकडून बेटामागून बेट करत इथवर पोचली असतील, असा तर्कही त्याने मांडला.

एवढं स्पष्ट लिहिलेलं असून पुढे काय झालं बघा. 1947 मध्ये थोर हेयरदालने पेरूहून 'कॉन-टिकी' तराफा सोडला, 101 दिवसांनी पॉलिनेशियात पोचला आणि म्हणाला, माणसं दक्षिण अमेरिकेतून अशीच वाऱ्याबरोबर आली. 1956 मध्ये अँड्र्यू शार्पने पुस्तक लिहिलं, की लांबची बेटं मुद्दाम शोधून परत येणं या लोकांना शक्यच नव्हतं, वादळात भरकटत पोचले. 1976 मध्ये 'होकुलेआ' ही जुन्या पद्धतीची जोडहोडी, कोणतंही उपकरण न वापरता, माउ पियाइलुग या मायक्रोनेशियातल्या वाटाड्याच्या भरवशावर हवाईहून ताहितीला पोचली, तेव्हा कुठे हा वाद थंडावला. तुपाइयाची साक्ष दोनशे वर्षं कपाटात होतीच.

यात त्याच्या नकाशाचाही वाटा आहे. जहाजावर तुपाइयाने सुमारे 130 बेटांची नावं सांगितली. त्यातली 74 एका नकाशावर आली. कुकच्या हातची त्याची प्रत आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. आपल्या पद्धतीने वाचला तर हा नकाशा भयंकर चुकलेला दिसतो. जवळची बेटं ठीक, पण लांबची भलत्याच दिशेला. लोक म्हणाले, बिचाऱ्याला नकाशा समजला नसेल.

आता आपल्यापैकी कोणीही दुसऱ्या सिस्टिममधून आलेला डेटा हाताळलाय त्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. डेटा बरोबर असतो, फॉरमॅट वेगळा असतो. 2007 मध्ये आन दी पियाझ्झा आणि एरिक पिअर्थ्री यांनी मांडलं, की हा एक नकाशा नाहीच, वेगवेगळ्या बेटांना मध्यभागी ठेवून काढलेल्या दिशांची गोधडी आहे. 2019 मध्ये लार्स एकश्टाइन आणि आन्या श्वार्त्स यांनी आणखी एक वाचन दिलं. नकाशाच्या मध्यावर 'अवातेआ' हा शब्द आहे, अर्थ भरदुपार. ताहितीच्या अक्षांशावर वर्षातले बरेच महिने भरदुपारी सूर्य उत्तरेला असतो. म्हणजे उत्तर कागदाच्या वरच्या कडेला नाही, मध्यभागी आहे! कुठल्याही बेटावर उभे राहा, तिथून मध्यापर्यंत रेघ काढा, ती तुमची उत्तर. दुसऱ्या बेटाकडची रेघ तिच्याशी जो कोन करते, ती तिकडे जायची दिशा. असं वाचलं की बेटं साखळीसारखी प्रवासाच्या क्रमाने लागतात. सगळ्या अभ्यासकांना हे वाचन मान्य नाही, आणि कुठल्या नावाचं बेट कुठलं यावर वाद आहेत. पण तुपाइयाने इंग्रजांची होकायंत्राची कल्पना पाहून आपलं ज्ञान तिच्या साच्यात बसवायचा प्रयत्न केला असेल, तर तो प्रयत्न जहाजावर फक्त एका बाजूने झाला. उलट दिशेचा कोणी केला नाही. कुकने त्याला हुशार म्हटलं, आणि गर्विष्ठ व हेकटही.

ऑक्टोबर 1769 मध्ये जहाज न्यूझीलंडला लागलं. तिथल्या माओरींशी तुपाइया बोलू लागला आणि त्यांना तो कळला. दोन्ही लोकांच्या वाटा फुटून काही शतकं झाली होती तरी! तिथे त्याने एक चित्र काढलं, बँक्सला शेवंड देणाऱ्या माओरीचं. हे चित्र तुपाइयाचं आहे हे 1997 मध्ये बँक्सच्या एका पत्रावरून उघड झालं, तोवर ते कोणा अनामिक चित्रकाराच्या नावावर होतं.

पुढे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर त्याला स्कर्व्हीने गाठलं. 1770 च्या अखेरीस बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, आधी तायाता गेला, पाठोपाठ तुपाइया. योहान फोर्स्टरने लिहून ठेवलंय, की जहाज कुठेही असो, ताहिती कुठल्या दिशेला आहे असं विचारलं की तुपाइया बोट दाखवायचा, आणि ते बरोबर असायचं.

1773 मध्ये कुक दुसऱ्या सफरीत पुन्हा न्यूझीलंडला गेला. किनाऱ्यावरच्या माओरींनी विचारलं, तुपाइया कुठे आहे? तो वारला असं कळल्यावर ते रडले.